एकेचाळीस नापास तबकड्या

एकेचाळीस तबकड्या मी स्वतःच्या हाताने नापास केल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्या ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यात पहिला नंबर माझाच आहे.

मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या ध्वनिविभागात काम करायचे. मंगळवार, बुधवार, गुरुवार, कंत्राटावर. लोक घरातल्या जुन्या तबकड्या खोक्यांत भरून आणून देतात. त्यांतल्या कुठल्या फळीवर ठेवायच्या आणि कुठल्या मोडीत काढायच्या, हे ठरवायला कुणाला तरी त्या ऐकाव्या लागतात. ते कुणीतरी म्हणजे मी. पद्धत ठरलेली. सुई तीन ठिकाणी टेकवायची, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटाकडे, दर ठिकाणी अर्धा मिनिट. मग तक्त्यात खुणा करायच्या: ओरखडा, खरखर, वेग अस्थिर, सूर ढळलेला. दोन खुणा झाल्या की तबकडी नापास. खाली माझी सही, तिच्याखाली दुसऱ्या तपासनीसाची, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भंगाराची गाडी.

हे काम मला मिळालं ते कानांमुळे. मुलाखतीत प्रमुख मॅडमनी एक तबकडी लावली आणि काय ऐकू येतंय ते सांगा म्हणाल्या. मी दोन ओरखडे सांगितले आणि बाहेरच्या खोलीतला पंखा एका पात्याने घासतोय हेही सांगितलं. मॅडम उठून बघून आल्या आणि त्यांनी मला तिथल्या तिथे घेतलं. खरं तर ते कान ठकीचं देणं. आमची ठकी पाच महिन्यांची असताना तिच्या छातीत घरघर बसली, आठ दिवस दवाखान्यात काढले, आणि तेव्हापासून मी भांडी घासताना, आंघोळ करताना, दुसऱ्याशी बोलताना तिचा श्वास मोजत असते. आता ती दीड वर्षाची आहे, धडधाकट आहे, दार आपटते, तरी मोजते. सासूबाई म्हणतात, भिंतीला कान असतात हे ऐकून होते, आमच्या सूनबाईला भिंतीपलीकडेही आहेत. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्या कधी फोड करून सांगत नाहीत.

तर ती दोन खोकी आली. नकाशे काढणारे कुणी एक गृहस्थ वारले होते, त्यांच्या बायकोने पाठवलेली. प्रत्येक वेष्टन स्वच्छ, कोपरे न दुमडलेले. खोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, फ्री जॅझ. जॅझ म्हणजे माझ्या डोक्यात हॉटेलात हळू आवाजात लावतात ते, कुणाच्या जेवणात व्यत्यय न आणणारं. म्हटलं, चला, आजचा दिवस सुखाचा.

सुई टेकवली आणि हेडफोन काढून टेबलावर फेकला. एक सॅक्सोफोन दारात बोट सापडल्यासारखा किंचाळत होता. ड्रमवाला जिन्यावरून डबे सोडत होता. मागे एक जाड तारांचं वाद्य, त्याला या दोघांचं काही देणंघेणं नव्हतं, ते आपलं आपल्याशीच कुरकुरत होतं. मी सुई मध्ये टेकवली, तेच. शेवटाकडे टेकवली, तेच, फक्त आता ट्रंपेटही भांडणात उतरलेला. वेग अस्थिर, खूण. सूर ढळलेला, खूण. नापास.

दुसरी तशीच. तिसरी तशीच. पाचवीपासून मी अर्धा मिनिटही थांबत नव्हते. मला संताप आला होता, आणि तो मी खुणांमधून काढत होते. इथे मी रडणारं मूल सासूच्या हातात देऊन, दारातून मागे न बघता यायचं, बसमध्ये उभं राहून यायचं, आणि यांनी माझ्या कानांत हे ओतायचं. कुणी यांना वाजवू दिलं, कुणी छापू दिलं, कुणी ते विकत घेऊन एवढं जपून ठेवलं. तीन दिवसांत एकेचाळीस. गुरुवारी संध्याकाळी मी तक्त्याची पानं दुसऱ्या तपासनीसांकडे नेली.

त्यांना आम्ही सहीसम्राट म्हणतो. पद्धतीप्रमाणे त्यांनी प्रत्येक तबकडी स्वतः तीन ठिकाणी ऐकायची असते. त्यांनी पानं उलटत उलटत एकेचाळीस सह्या केल्या, तोवर त्यांच्या चहावर सायही धरली नव्हती. मला म्हणाले, तुमचे कान म्हणजे सोन्याचे, आम्ही मध्ये कशाला लुडबूड करायची. आणि मी, गंमत बघा, खूश झाले.

पुढच्या मंगळवारी मी तंत्रज्ञ काकांकडे तक्रार नेली. तबकड्या फिरवण्याची यंत्रं तेच सांभाळतात. म्हटलं, काका, माझ्या मशीनचा वेग तपासा, एकेचाळीस तबकड्या एकाच प्रकारे बिघडलेल्या असतील असं होत नाही. हे मला शहाणपण आठवड्याने सुचलं, तेही बसमध्ये. काका आले. त्यांनी खिशातून काळ्यापांढऱ्या रेघांची एक गोल पुठ्ठ्याची चकती काढली, फिरत्या तबकडीवर ठेवली आणि वर दिवा धरला. वेग बरोबर असेल तर फिरतानाही त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, कमीजास्त असेल तर पुढेमागे सरकतात. रेघा उभ्या होत्या. हवालदारासारख्या उभ्या. त्याच चकतीखाली त्यांनी नापासांतली एक तबकडी लावली, हेडफोनची एक वाटी स्वतःच्या कानाला धरली आणि नीट ऐकलं.

"मशीन ठणठणीत आहे, पोरी," ते म्हणाले. "तबकडीही ठणठणीत आहे. खोक्यावर फ्री लिहिलंय ना, म्हणजे ठरलेल्या ताला-सुराशिवाय. ही माणसं मुद्दाम असं वाजवतायत."

मुद्दाम. हा शब्द मला झोंबला. चूक समजू शकते, गरिबी समजू शकते, पण मुद्दाम? जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. हेडफोन घातला आणि पहिली तबकडी पहिल्या खाचेपासून लावली. ऐकायला नव्हे, पुरावा गोळा करायला. कुठे कुठे हे लोक फसवतायत ते लिहून काढायचं म्हणून शेजारी कागद घेतला.

पहिली तीन मिनिटं मी नुसती दात आवळून बसले. मग नेहमीची खोड म्हणून मी आवाज वेगळे करायला लागले. घरी करते तसं. संध्याकाळी आमच्या घरात कपड्यांचं मशीन घुसळत असतं, नळाखाली बादली भरत असते, सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला माझ्याबद्दल काहीतरी हळू आवाजात सांगत असतात, नवरा कुलूप उघडत असतो, आणि या सगळ्याच्या खाली ठकीचा श्वास. त्यातला कुठलाही आवाज दुसऱ्यासाठी थांबत नाही. कुणी ताल धरून देत नाही. तरी मला बादली भरायच्या आधी कळतं की ती भरणार, आणि सासूबाईंचा आवाज उतरला की कळतं, आता विषय माझा. ते मी रोज ऐकते. मग हे का ऐकू येत नाही, असं वाटून मी फक्त त्या जाड तारांच्या वाद्याचा पदर धरला.

ते आपल्याशीच कुरकुरत नव्हतं. ते सॅक्सोफोनचं ऐकत होतं. तो वर गेला की हे खाली जायचं, जमिनीला हात टेकून बसल्यासारखं. ड्रमवाला डबे सोडत होता, पण सॅक्सोफोनने श्वास घेतला की तो नेमका तेव्हाच हात आवरायचा. मला तो श्वास ऐकू आला. वाजवणाऱ्या माणसाचा खराखुरा, नाकातोंडातून ओढलेला श्वास. सहाव्या मिनिटाला, अकराव्या, पुन्हा चौदाव्या, प्रत्येक वेळी आधीपेक्षा आखूड. मी तो मोजत होते, ठकीचा मोजते तसा. मग ट्रंपेट आला, आणि तो भांडणात उतरला नव्हता, तो दमलेल्याच्या खांद्याखाली हात घालायला आला होता. हे अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तीन तुकड्यांत कुणालाही कळलं नसतं. ते त्यांच्यामधल्या मिनिटांत होतं.

बावीस मिनिटांची बाजू संपली. कागद कोरा होता. मला रडू आलं असं सांगितलं तर बरं दिसेल, पण मला पुन्हा संतापच आला. मला तबकडी तपासायला बसवलं होतं. मी माणसं तपासली, दीड मिनिटात, आणि नापास करून सही ठोकली. शुक्रवारी गाडी येणार होती.

बुधवारी सकाळी त्या गृहस्थांच्या बायको आल्या. सत्तरीच्या, औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या, त्यामुळे कुठलाही कागद आधी लांब धरून आणि मग जवळ धरून वाचणाऱ्या. त्यांनी पावती पुढे केली आणि विचारलं, आमची खोकी कुठल्या फळीवर लावलीत. मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, मावशी, बसा.

सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मला वाटलं, आता उठतील आणि प्रमुखांची खोली विचारतील. त्याऐवजी म्हणाल्या की नापास त्यांनी माझ्याही आधी केल्या होत्या, एकतीस वर्षांपूर्वी. उशिरा झालेल्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, हे ऐकायचं तर दार लावून, हेडफोन कानाला लावून. त्या माणसाने बाकीचं सगळं आयुष्य तसंच ऐकलं. संध्याकाळी एक तास, पाठ दाराकडे करून.

"एकदाही म्हणाला नाही गं, ये, बस, ऐक," मावशी म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं, राग होता, चांगला मुरलेला. "मी नको म्हटलं ते धरून बसला. एकतीस वर्षांत माणसाने पुन्हा एकदा विचारू नये? आता घर इतकं गप्प झालंय की म्हटलं, त्यात होतं तरी काय ते बघून यावं."

आमच्या टेबलाला दोन हेडफोन लागतात. मी एक त्यांना दिला आणि तीच तबकडी लावली. त्या डोळे मिटून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. चार-पाच मिनिटांनी म्हणाल्या, भांडतायत की सगळे. म्हटलं, हो, पण बघा, कुणी उठून जात नाही. बाजू संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून केस सारखे केले. आवडलं नाही म्हणाल्या. मग विचारलं, दुसरी बाजू आहे ना हिची? आणि जाता जाता जिन्यावर वळून म्हणाल्या की पुढच्या बुधवारी येते, तोवर त्यांना कुठे पाठवू नका.

गुरुवारी मी प्रमुख मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. त्यांच्या टेबलावर काचेखाली सगळे नियम आहेत, आणि बोलताना त्या काचेवर बोट फिरवतात, जणू तापलेल्या पोराच्या पाठीवर. मी सांगितलं, माझी चूक झाली, एकेचाळीसपैकी एकही तबकडी मी पूर्ण ऐकली नव्हती, शेरा मागे घ्यायचा आहे. त्यांनी सहीसम्राटांना बोलावलं.

गाठ इथे होती, आणि ती मला आत गेल्यावर दिसली. माझी सही मागे घेता येत होती. पण तिच्याखाली त्यांची होती. त्यांनी स्वतः ऐकून नापास केल्याचा तो कागद होता. माझी चूक मान्य झाली तर प्रश्न उरत होता की दुसऱ्या तपासनीसाकडून तीच चूक एकेचाळीस वेळा कशी झाली. ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी एकदम तज्ज्ञाचा सूर लावला. वेग अस्थिरच आहे, म्हणाले, मी जातीने ऐकलंय. मी तंत्रज्ञ काकांचा कागद पुढे केला. यंत्र आणि तबकडी दोन्ही ठणठणीत असल्याचं त्यांनी त्यावर लिहून दिलं होतं. सहीसम्राट म्हणाले, यंत्रं सांभाळणाऱ्याला संगीतातलं काय कळतं. म्हणजे स्वतःला कळतं.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. फार मायेने वळल्या.

"घरी लहान मूल आहे ना तुमच्या," त्या म्हणाल्या. "झोप होत नसेल. या काळात बायकांना असं होतं, एखादी गोष्ट मनाला लागून राहते."

मी ते वाक्य आजही घरात चालता चालता पुन्हा ऐकते आणि माझी कानशिलं तापतात. मागच्या आठवड्यात मी चुकले, तेव्हा माझे कान सोन्याचे होते. तेव्हाही घरी मूल होतंच. तेव्हाही मी रात्री दोनदा उठत होतेच. पण तेव्हा माझं म्हणणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, म्हणून मी कुशल कामगार. आज माझं बरोबर आहे आणि त्याने कुणाची तरी गैरसोय होतेय, म्हणून मी न झोपलेली बाई. आईपण हे काय कपाटात ठेवलेलं मीठ आहे, पाहिजे तेव्हा चिमूटभर काढून दुसऱ्याच्या ताटात टाकायला?

यातलं मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर ओरडले असते, आणि ओरडणं त्यांच्या म्हणण्यात अगदी चपखल बसलं असतं. मी काचेवरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहिलं: मी प्रत्येक तबकडी जास्तीत जास्त दीड मिनिट ऐकली. तबकडीची एक बाजू वीस मिनिटांहून मोठी आहे. मला जे कळलं नाही त्याला मी दोष म्हटलं. खाली सही केली. मग कागद सहीसम्राटांपुढे सरकवला आणि म्हटलं, "काका, तुम्ही किती मिनिटं ऐकलं तेवढं फक्त लिहा."

त्यांनी पेन उघडलं. आयुष्यभराची सवय, कागद दिसला की पेन उघडतंच. पण ते तसंच हवेत राहिलं. खोलीत मॅडमच्या घड्याळाची टिकटिक, बाहेर कुणाची तरी ट्रॉली आणि सहीसम्राटांचा श्वास. तो आखूड होत चालला होता. क्षणभर मला त्यांची दयाही आली. क्षणभरच.

मॅडमनी कागद काढून घेतला. काचेवरून बोट एकदा फिरलं. मग त्यांनी निर्णय दिला, आणि तो ऐकून मला कळलं की या बाई इतकी वर्षं या खुर्चीवर कशा टिकल्या. तबकड्या मोडीत जाणार नाहीत. पण संगीत म्हणूनही फळीवर लागणार नाहीत, कारण तसं केलं तर आधीचा शेरा खोटा ठरतो. त्या ध्वनिपरिणामांच्या कपाटात जातील. तिथे वेग अस्थिर आणि सूर ढळलेला हे दोष धरत नाहीत. वादळ, कारखाना, गाढवाचं ओरडणं, दार करकरणं, गर्दी, आणि त्यांच्या शेजारी एकेचाळीस. आणि मला पहिल्या तारखेपासून खाली, बालविभागात. तिथे तुमचा जीव रमेल, मॅडम म्हणाल्या.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, वाचल्या ना, मग झालं तर. सासूबाई ठकीचे मोजे सुकत घालत होत्या. त्या वळल्याही नाहीत. माणसं वाजवतायत आणि त्यांना गाढवाशेजारी बसवलंय, त्या मोजा झटकत म्हणाल्या, आणि तू ते तसंच ठेवून आलीस? त्यांनी माझी घेतलेली ती पहिली सरळ, बिनगाठीची बाजू.

आता मी दिवसभर जमिनीपासून फूटभर उंचीच्या खुर्चीवर बसून जाड पानांची पुस्तकं लावते. वाईट काम नाही. पण दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी वरच्या मजल्यावर जाते, कर्मचारी म्हणून नव्हे, सभासद म्हणून, स्वतःचं कार्ड घेऊन. मावशी आधीच टेबलाशी येऊन बसलेल्या असतात. आतापर्यंत नऊ तबकड्या झाल्या. मावशींना त्यांतल्या दोन आवडल्या आणि एक मला अजिबात आवडली नाही, चारदा ऐकूनही. तसं मी तोंडावर सांगते, आणि ते पूर्ण ऐकून सांगते.

तबकडी हवी तर मागणीची चिठ्ठी भरावी लागते. तिच्यावर विभागाचं नाव छापलेलं असतं, ध्वनिपरिणाम. मी ते सरळ रेघ मारून खोडते, वर स्वच्छ अक्षरात फ्री जॅझ लिहिते आणि खिडकीतून आत सरकवते. माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही, त्यामुळे खिडकीशी सहीसम्राट बसतात. ते चिठ्ठी परत सरकवतात. खाडाखोड चालत नाही, म्हणतात. मी दुसरी चिठ्ठी घेते, तशीच खोडते, तशीच लिहिते. तिसरी घेते. माझ्यामागे रांग वाढत जाते, कुणीतरी घसा खाकरतं, मावशी मागून म्हणतात, सावकाश गं, मला घाई नाही.

गेल्या बुधवारी ते चौथ्या चिठ्ठीला थांबले. मग आतून तबकडी आणली, चिठ्ठीवर सही केली आणि मान वर न करता विचारलं की हिची पहिली बाजू आधी ऐकायची की दुसरी.

मी म्हटलं, पहिली. आणि मध्ये उठायचं नाही.